किनाऱ्यावरून आणलेलं

समोरच्या फ्लॅटमधलं कुटुंब घर बदलून गेलं तेव्हा काचेची एक मोठी टाकी जिन्यातच सोडून गेलं. आत निळे खडे होते आणि प्लास्टिकचं एक झाड. दोन-तीन दिवस सगळे तिला वळसा घालून जात-येत होते. मग एका संध्याकाळी मी कंपनीच्या बसमधून उतरून घरी आले, तर ती टाकी आमच्या हॉलमध्ये होती आणि बाबा जमिनीवर बसून जुन्या ब्लेडने तिच्या कोपऱ्यांतलं वाळलेलं सिलिकॉन खरवडत होते.

"हे काय?" मी विचारलं.

"टाकी आहे," ते म्हणाले.

त्या दिवसांत आमचं बोलणं एवढ्यावरच संपायचं. बाबा तरुणपणी साताऱ्याहून मद्रासला आले, रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. दादा आणि मी, दोघंही इथेच जन्मलो. दादा शिकून परदेशात गेला. मला पुण्यात दिलं होतं. ते लग्न टिकलं नाही आणि एका बॅगेसह मी वेलचेरीच्या या फ्लॅटमध्ये परत आले. बाबांनी दार उघडलं, बॅग आत घेतली आणि म्हणाले, "लोकांना काय सांगायचं ते तू ठरव. मला खोटं बोलता येत नाही." त्यानंतर त्यांनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. बाकीच्या कशाबद्दलही फारसं नाही. आई होती तोवर आम्ही तिच्यामार्फत बोलायचो. "बाबांना विचार, चहा घेणार का," असं मी म्हणायची, आणि बाबा तिथेच चार हातांवर बसलेले असायचे. आई गेल्यावर तेही बंद पडलं. मी श्रीपेरुंबुदूरला एका कारखान्यात तपासणी विभागात होते, पहाटे निघायची, दिवेलागणीला यायची. घरात दोन माणसं होती आणि टीव्ही.

टाकी धुऊन, पाणी भरून, कुठे गळत नाही ना हे बघून झालं तेव्हा मी विचारलं, "मासे आणायचेत का? गिंडीजवळ एक दुकान आहे."

"गोड्या पाण्यातले नकोत," बाबा म्हणाले. "एवढा समुद्र बाजूला असताना नळाच्या पाण्यात कसले मासे पाळायचे." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझी स्कूटर रविवारी मोकळी असते का?"

रविवारी आम्ही कोवलमला गेलो, केरळातलं नव्हे, आमच्या शहराबाहेरचं. तिरुवान्मियूरचा किनारा जवळ होता, पण नदीचं पाणी समुद्रात जिथे मिळतं त्याच्या आसपासचं पाणी बाबांना नको होतं. ते मोबाइलवर दिवसभर हेच बघत बसत हे मला नंतर कळलं. कोवलमला खडक होते, पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ होतं. माझ्या पायांपाशी एक रिकामा कॅन, मागे बाबा, त्यांच्या मांडीवर दुसरा. पिण्याच्या पाण्याचे असतात तेच मोठे कॅन. लाटा फुटतात त्याच्या पलीकडचं पाणी हवं, असं त्यांचं म्हणणं. मी सलवार गुडघ्यापर्यंत खोचून कमरेइतक्या पाण्यात गेले. ते माझ्या चपला हातात धरून वाळूवर उभे. "अजून पुढे," ते ओरडत होते. "तिथे वाळू ढवळलेली आहे. अजून पुढे." माझं अंग भिजलं, केसांत मीठ गेलं, आणि भरलेला कॅन ओढत परत येताना एका लाटेने मला गुडघ्यांवर पाडलं. बाबांनी आधी कॅन सरळ केला, मग मला हात दिला. मला हसू आलं. तेही हसले असावेत, कारण त्यांनी तोंड फिरवलं.

एका खेपेत जेवढं पाणी यायचं त्याने टाकी वीतभरही भरत नसे. कित्येक रविवार त्यात गेले. आणलेलं पाणी मागच्या बाल्कनीत चादरीखाली अंधारात ठेवायचं, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं पाणी धोतराच्या कापडातून गाळून टाकीत ओतायचं. वाळू भरड हवी म्हणून बाबांनी आईची पिठाची चाळणी घेतली. मी काही बोलले नाही. पण त्यांनी ती घेताना एकदा माझ्याकडे बघितलं, आणि घरी आल्यावर नळाखाली धुऊन, पुसून पुन्हा त्याच खिळ्याला अडकवली.

खडक निवडायला सगळ्यात जास्त वेळ लागे. बाबांना भोकाभोकांचे, पोकळ, जुने दगड हवे असत, ज्यांत काहीतरी राहू शकेल. कधी लाटेने पोवळ्याचा तुकडा समोर आणून टाकला, तर ते तो उचलून परत पाण्यात फेकत. "याला कायद्याने बंदी आहे, आणि नसती तरी नेलं नसतं," ते म्हणत. एकदा जाळी झटकणाऱ्या एका कोळ्याने आम्हाला समुद्रकाकडी दाखवली, काकडीसारखा लांबट, मऊ प्राणी, नेता का म्हणाला. बाबांनी कडक तमिळमध्ये नाही म्हणून सांगितलं आणि तिलाही बंदी का आहे ते सगळं वाटेत मला समजावलं. स्कूटरवर वाऱ्यात निम्मं ऐकू येत नव्हतं. तरी मी हं हं म्हणत राहिले, कारण इतकं सलग ते माझ्याशी कधी बोलले नव्हते.

मग वाट बघायची. टाकीतलं पाणी पिकायला वेळ लागतो, असं बाबा म्हणायचे. छोट्या नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे, रंग हिरवा आला तर पाणी अजून विषारी, पिवळा आला तर चालेल. संध्याकाळी मी चपला काढत असतानाच ते ती नळी माझ्यासमोर धरत. "तुझे डोळे चांगले आहेत. सांग, हिरवा की पिवळा?" मी ट्यूबलाइटखाली जाऊन बघायची. हिरवट, मी म्हणायची. ते मान हलवून आत जायचे. ज्या दिवशी ती स्वच्छ पिवळी दिसली त्या दिवशी त्यांनी स्वतः चहा केला आणि माझा कप टाकीपाशी आणून ठेवला.

पहिले आले ते शंखातले खेकडे. ओहोटीच्या वेळी खडकांच्या मधल्या डबक्यांत ते दुसऱ्याचा शंख पाठीवर घेऊन फिरताना दिसत. सोबत त्यांच्यासाठी वेगवेगळ्या मापाचे रिकामे शंखही न्यावे लागत, म्हणजे खेकडा मोठा झाला की त्याला घर बदलता येईल. बाबा प्रत्येक शंख उजेडाकडे धरून, हलवून, कानाशी नेऊन बघायचे, आत कुणी नाही ना. मग दगडावरचं शेवाळ खाणारे गोगलगायीसारखे छोटे शंख, दोन कोळंब्या, चिखलाच्या रंगाचा बोटभर लांबीचा एक मासा, जो मी प्लास्टिकच्या मगात तासभर खटपट करून पकडला. जो प्राणी खात नसेल त्याला त्याच खडकांत परत नेऊन सोडायचं, हा बाबांचा नियम होता. त्यामुळे जाताना डब्यात कुणीतरी असायचं आणि येताना कुणीतरी.

समुद्रफूल मला सापडलं. नावाला फूल, असतो प्राणीच. एका उलट्या पडलेल्या शिंपल्याला ते चिकटून होतं, पाण्याबाहेर मिटलेलं, तपकिरी बटणासारखं. शिंपल्यासकट उचलता आल्यामुळे त्याला खरवडावं लागलं नाही. घरी येऊन टाकीत ठेवलं तरी दोन दिवस ते मिटलेलंच. तिसऱ्या दिवशी मी कारखान्यात असताना बाबांचा फोन आला. ते मला कामावर कधीच फोन करत नसत. मला वाटलं, काहीतरी झालं.

"उघडलं," ते म्हणाले.

"काय?"

"तुझं फूल. हिरवी टोकं आहेत त्याची. घरी ये, दाखवतो."

माझं फूल, असं ते म्हणाले. मी लाइनवर परत गेले आणि संध्याकाळपर्यंत ते दोन शब्द मनात घोळवत राहिले. आता ते आठवलं की माझीच मला चीड येते. किती थोड्याशाने मी खूश झाले होते.

त्या खडकांवरच एकदा बाबांनी विचारलं. आम्ही दोघं एका डबक्यावर वाकलो होतो, मी प्लास्टिकचा मग धरला होता, ते काडीने दगड उचलून धरत होते. काही प्रस्तावना नाही.

"त्याने तुला मारलं होतं का?"

"हो," मी म्हणाले.

त्यांनी दगड हळूच खाली ठेवला. "मला सांगायचं होतंस."

"आईला सांगितलं होतं."

त्यांनी काडी पुन्हा दगडाखाली घातली. म्हणाले, "हातातला मग नीट धर, मासा मागच्या बाजूने पळतोय." तो विषय पुन्हा निघाला नाही. पण मला वाटलं, आता आमचं ठीक आहे. माझ्यापुरता तो दिवस म्हणजे माफीच होती. ती नेमकी कुणी कुणाला दिली होती याचा मी तेव्हा विचार केला नाही.

डिसेंबरातल्या चक्रीवादळात वेलचेरी बुडाली. आमची इमारतही. खालच्या मजल्यावरच्या गाड्या पाण्याखाली गेल्या, माझी स्कूटर त्यातच. वीज गेली ती गेलीच. टाकीचा हवेचा पंप बंद पडला की आतल्या जिवांना हवा मिळत नाही, थोड्याच वेळात सगळे गुदमरतात. सेलवर चालणारा छोटा पंप होता, त्याचे सेल संपले. मग मी स्टूलवर उभी राहून मगाने टाकीतलं पाणी वर उचलायची आणि उंचावरून परत टाकीत ओतायची, म्हणजे त्यात बुडबुडे जातील. हात भरून आले की बाबा. बाबांचा खांदा दुखायला लागला की पुन्हा मी. दुधाची पावडर पाण्यात कालवून चहाऐवजी पीत होतो, खाली लोक होडीतून ब्रेडची पाकिटं वाटत होते, आणि आम्ही दोघं आळीपाळीने मगाने पाणी ओतत होतो. कोळंब्या मेल्या. तो बोटभर मासाही. खेकडे, शंख आणि समुद्रफूल वाचलं. नेटवर्क आल्यावर दादाचा फोन आला तेव्हा बाबा त्याला म्हणाले, "आम्ही टाकी वाचवली." मी स्वयंपाकघरात होते. मला ते ऐकू आलं.

पुढच्याच वर्षी दादा चेन्नईत परत आला. मोठ्या पदावर, नुंगंबाक्कमला मोठा फ्लॅट. पहिल्याच रविवारी तो आणि वहिनी आमच्याकडे जेवायला आले आणि जेवताना दादा म्हणाला, "बाबांनी आता आमच्याकडे यावं. इथे दरवर्षी पाणी भरतं. या वयात हे बरं नाही."

मी बाबांकडे बघितलं. मला वाटलं, ते म्हणतील, विचार करतो. किंवा, हिच्याशी बोलतो. ते म्हणाले, "कधी यायचं?"

"टाकीचं काय?" मी विचारलं.

"मी भिंतीत मोठी टाकी करून घेतोय," दादा म्हणाला. "बाबांना आवडतं ना. तुमचे ते खेकडे-बिकडे त्यात सोडू."

मी एकेक खेकडा वेगळ्या डब्यात घेतला. समुद्रफूल बादलीत, वर सेलचा पंप लावून. दगड ओल्या गोणपाटात गुंडाळले, नाहीतर त्यांच्यातले बारीक जीव वाळून मरतात. बाबांची बॅग माझं हे आवरण्याआधीच भरून तयार होती. गाडीत बसताना त्यांनी मला सांगितलं, "गॅस बंद ठेवत जा रात्री." जणू ते घर माझं एकटीचंच होतं आणि ते पाहुणे म्हणून आले होते.

नवी टाकी सुंदर होती, खोटं कशाला बोलू. निळा उजेड, पांढरी वाळू, पाणी फिरवणारी यंत्रं खालच्या कपाटात लपवलेली. दर आठवड्याला दुकानाचा माणूस येऊन काच पुसून जायचा. पण पाणी बाबांना समुद्राचंच हवं होतं. ते फोन करायचे, "रविवारी दोन कॅन आणशील का? येताना हिरवं शेवाळ पण आण, खेकड्यांना." मग दुरुस्त करून घेतलेल्या स्कूटरवरून मी एकटी कोवलमला जायची, चपला वाळूत सोडून पाण्यात शिरायची. तिथून तशीच भिजलेली, खारट, नुंगंबाक्कमला. तिथला वॉचमन मला पुढच्या लिफ्टने जाऊ देत नसे. कामाच्या बायकांची आणि सामानाची लिफ्ट मागे होती. पहिल्यांदा मी त्याला सांगितलं की मी वरच्या साहेबांची बहीण आहे. त्याने कॅनकडे बघितलं, माझ्या ओल्या सलवारीकडे बघितलं आणि मागच्या लिफ्टकडे बोट दाखवलं. दादाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, त्यांचे नियम असतात. लिफ्टमध्ये पाणी सांडतं ना."

एका रविवारी दादाच्या ऑफिसातले लोक जेवायला होते. वहिनीच्या हाताखाली कुणी नव्हतं म्हणून मी वाढायला लागले. सगळे टाकीपाशी जमले होते, मोबाइलवर फोटो घेत होते. समुद्रफूल त्या दिवशी पूर्ण उघडलं होतं, हिरवी टोकं हलत होती.

"काका, हे तुम्ही केलं?" एकाने विचारलं.

"छे, मुलाने," बाबा म्हणाले. "परदेशात राहून आलाय ना. तिकडे हे सगळं शास्त्रशुद्ध करतात."

"आणि हे फूल कुठून आणलं?"

मी हातात भाताचं भांडं घेऊन त्यांच्या मागेच उभी होते. बाबांनी मला बघितलं होतं. ते म्हणाले, "आणलंय कुठून तरी. असतं किनाऱ्यावर." मी भात वाढला. अजून थोडा घ्या, असा आग्रहही केला.

मग दादाने दुकानातून रंगीत मासे आणले. नारिंगी-पांढरे, पिवळे, एक गडद निळा. काही दिवसांनी त्यांच्या अंगावर मिठाचे दाणे शिंपडावेत तसे पांढरे ठिपके आले, असं बाबा फोनवर सांगत होते. मी म्हणाले, आजारी मासे वेगळ्या भांड्यात काढून ठेवा. ते म्हणाले, "दादा बघतोय."

त्यानंतरच्या रविवारी मी कॅन घेऊन पोचले तर दार उघडताच वास आला. मासळी बाजारात शेवटी उरतो तसा वास. टाकीत रंगीत मासे मजेत फिरत होते. खेकडे शंखांतून अर्धे बाहेर येऊन वाळूवर पडलेले, पाय आखडलेले. शेवाळ खाणारे शंख काचेवरून गळून उलटे पडले होते. समुद्रफुलाच्या जागी पिवळट बुळबुळीत गोळा होता आणि तो प्रवाहात सुटा सुटा होत होता.

"सगळं कालपासून असंच आहे," दादा म्हणाला. "किनाऱ्यावरची घाण आपण आणतो, त्यातूनच रोग आला बघ. दुकानदारही तेच म्हणाला."

आपण, असं तो म्हणाला. तेवढी सभ्यता त्याच्यात आहे.

मेलेले काढायला जाळी हवी होती म्हणून मी खालचं कपाट उघडलं. पुढेच एक बाटली होती, निळ्याशार औषधाची, निम्मी संपलेली. वरची अक्षरं वाचायला चष्म्याचीही गरज नव्हती.

"हे टाकलं होतं?" मी विचारलं.

"माशांना ठिपके आले होते ना. त्यावरचं औषध आहे ते."

"यात तांबं आहे."

"असेल. मासे बरे झाले की नाही?"

मी बाबांकडे वळले. ते सोफ्यावर पेपर घेऊन बसले होते. त्यांना ठाऊक होतं. आमची टाकी नवीन असताना मी एकदा तांब्याच्या तांब्यातून पाणी ओतायला गेले होते, तर त्यांनी तो माझ्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतला होता. माशांना तांबं चालतं, पण खेकडे, शंख, समुद्रफूल यांच्यासाठी ते विष आहे, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. त्यानंतर आईच्या पूजेची तांब्याची भांडीसुद्धा त्यांनी हॉलमधून आत हलवली होती.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

त्यांनी पेपर खाली केला नाही. "दादाने विचार करूनच केलं असेल. समुद्रावरून आणलेल्या जिवांचा भरवसा नसतो. मी तुला आधीपासून म्हणत होतो."

"कधी म्हणालात?"

"आता वाद नको. जेवायची वेळ झाली."

मी वाद घातला नाही. चहाच्या गाळणीने एकेक खेकडा काढला, कारण दुसरं कुणी हात लावणार नव्हतं. शंख वेचले. समुद्रफुलाचे तुकडे जेवढे हाताला लागले तेवढे. एका पिशवीत भरून गाठ मारली. आणलेले दोन कॅन तसेच बाथरूममध्ये राहिले. वहिनी मला मागच्या दारापर्यंत सोडायला आली. तिचं माझं कधी फार जमलं नाही, वाकडंही नव्हतं. तिने दार ओढून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "तुम्हाला सांगते. औषध ह्यांनी नाही टाकलं. बाबांनीच मोजून टाकलं. ते दोनदा म्हणाले, याने बाकीचे सगळे जातील. हे म्हणाले, जाऊ देत, किनाऱ्यावर काय कमी आहेत, पुन्हा आणता येतील. मग बाबांनी बाटली घेतली आणि टाकलं."

"टाकताना काही बोलले नाहीत?"

"नाही. बुचात नीट मोजून टाकलं. मग आत जाऊन झोपले."

मी मागच्या लिफ्टने खाली आले. पिशवी समुद्रावर न्यावी असं एकदा मनात आलं, पण माझ्यात तेवढं त्राण नव्हतं आणि कुणासाठी न्यायची तेही कळेना. रस्त्यावरच्या कचराकुंडीत टाकली. घरी येऊन अंघोळ केली आणि भर दुपारी पलंगावर पडून राहिले. मला रडू येत नव्हतं. फक्त दादाला नाही म्हणणं त्यांना किती अवघड गेलं असेल याचा अंदाज मी घेत होते, आणि मला नाही म्हणणं त्यांना आयुष्यभर किती सोपं गेलं याचा. माझ्या लग्नाच्या वेळी मुलगा मला पसंत नाही हे मी सांगितलं होतं. तेव्हाही ते म्हणाले होते, आता वाद नको.

पुढच्या रविवारी त्यांचा फोन आला. "पाणी बदलायला झालंय."

"माशांच्या दुकानात समुद्री मीठ मिळतं. त्यात कालवा," मी म्हणाले.

"त्यात मजा नाही."

"दादाला सांगा."

 मी फोन ठेवला. त्यानंतर त्यांनी पाण्याचं नाव काढलं नाही. तब्येत विचारायला मीच फोन करायची, ते बरी आहे म्हणायचे.

दादाला पुन्हा परदेशातली नोकरी मिळाली. जायच्या आधी त्याने फ्लॅट भाड्याने दिला, टाकी दुकानदाराने माशांसकट परत नेली. बाबांना दादाने गाडीने वेलचेरीला आणून सोडलं. बॅग तीच होती. दादा चहासाठी थांबला नाही, त्याला कुठेतरी सह्या करायच्या होत्या. जाताना म्हणाला, "तू आहेस म्हणून मला काळजी नाही." मी जिन्यातून बॅग वर घेतली आणि बाबांसाठी दार उघडून धरलं.

आता ते माझ्याकडेच असतात. मी त्यांना वेळेवर जेवायला घालते, रक्ताच्या तपासणीला नेते, मोतीबिंदूच्या डॉक्टरकडे नेते. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. वहिनीने मला जे सांगितलं ते मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. बोलले तर ते काय म्हणतील हे मला माहीत आहे, आणि ते ऐकायची माझी इच्छा नाही.

आल्यानंतर आठवडाभराने त्यांनी हॉलमध्ये इकडेतिकडे बघत विचारलं, "टाकी कुठे गेली?"

"दिली."

"कुणाला?"

"कचऱ्याच्या गाडीला."

"चांगली होती," ते म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "दुसरी घ्यायची का? लहानशी."

"जागा नाही," मी म्हणाले. जागा होती, ती त्यांच्यासमोरच मोकळी होती. त्या महिन्यात मी तिथे कपाट आणून लावलं. मला कपाटाची काही गरज नव्हती.

आता ते कधीकधी सकाळी एकटेच बसने तिरुवान्मियूरला जातात आणि खिशातून शंख घेऊन येतात. बाल्कनीच्या कठड्यावर ओळीने मांडतात. गेल्या महिन्यात त्यातून वास यायला लागला. मी उचलून बघितलं, दोन शंखांत खेकडे होते, मेलेले.

"यात जीव होता, बाबा," मी म्हणाले.

ते खुर्चीतून उठून आले, शंख हातात घेतला, अगदी डोळ्यांजवळ नेला. "मला रिकामा वाटला," ते म्हणाले. "दिसत नाही गं आता नीट."

त्यांचा आवाज बारीक झाला होता. दुसऱ्या कुणाची मुलगी असते तर मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला असता. मी कठड्यावरचे सगळे शंख सुपलीत लोटले, चांगले-वाईट न निवडता, आणि भाजीच्या देठांबरोबर कचऱ्याच्या डब्यात टाकले. कठडा फिनेलने पुसला. ते माझ्या मागे उभे राहून बघत होते. पुसून झाल्यावर मी त्यांना म्हणाले, "हात धुऊन घ्या, साबणाने. जेवायला वाढते." ते हात धुवायला गेले.